आईच्या सांभाळाचा खर्च कुठून काढायचा? मेडिक्लेम नाही, राहता फ्लॅट आहे

अनुजा_के

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

बाबा ७६, आई ७३. आईला पार्किन्सन्स आहे आणि मध्यंतरी ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मेडिक्लेम कधी काढलाच नव्हता (बाबांचं ठरलेलं वाक्य, "आम्हाला काय धाड भरलीय"), त्यामुळे बिल एफडी मोडून भरलं. ते एकवेळ ठीक, भरलं आणि सुटलो. खरा खर्च घरी आल्यावर सुरू झाला. दिवसाची मावशी वेगळी, रात्रीची वेगळी, दोघी ब्युरोच्या, शिवाय फिजिओ, डायपर, अंडरपॅड, भाड्याचा एअर बेड, औषधं. डॉक्टर स्पष्टच म्हणाले की आता माणूस कायम लागणार, किती वर्षं ते सांगता येत नाही.

बाबा खासगी कंपनीतून रिटायर, पेन्शन म्हणजे ईपीएसचे किरकोळ येतात ते. उरलेल्या एफडी साधारण २२ लाख, आणि राहता फ्लॅट, बाबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला, त्यांच्याच नावावर. आम्ही भावंडं तिघं. दादा परदेशात, मी दुसऱ्या शहरात नोकरीला, धाकटी बहीण आईबाबांजवळ राहते आणि आईसाठी तिने काम सोडलंय. दादाचं म्हणणं फ्लॅट बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करावा, मग महिन्याचा सगळा खर्च तो पाठवेल. बहिणीला हे अजिबात मान्य नाही. बाबा काहीच बोलत नाहीत.

तर आता मेडिक्लेम काढून काही उपयोग आहे का, फ्लॅटवर काही पैसे उभे राहतात का, आणि दादाचं म्हणणं ऐकावं का? ज्यांनी यातून गेलंय त्यांनी प्लीज लिहा.

मंदार_७४

ताई, दोघंही सत्तरीच्या पुढचे ना, मग आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी आरोग्य योजनेचं) काढलं का नाही अजून? ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी सुरू झालं, ७० आणि पुढच्या कुणालाही मिळतं, उत्पन्न कितीही असो, रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस. ते ५ लाख दोघांत मिळून हां, एकेकाला वेगळे नाहीत. जुना आजार, वेटिंग पिरियड (ठरावीक काळ थांबा, मगच पैसे) ही भानगडच नाही, पार्किन्सन्स असला तरी पहिल्या दिवसापासून चालतं. आयुष्मान ॲपवर आधार टाकून केवायसी करायची, अडलं तर १४५५५ ला फोन.

खुब्याच्या ऑपरेशनचे पैसे मात्र विसरा, यात आधी भरा मग परत मागा असा प्रकार नाहीये. आणि ॲडमिट झालं तरच, ओपीडी आणि महिन्याच्या गोळ्या यात बसत नाहीत.

कोरा_चेक

मंदारना +१ पण कार्ड काढलं म्हणून निर्धास्त राहू नका. आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो तिथे दारावर योजनेचा भला मोठा बोर्ड, आत गेल्यावर कळलं की योजना तिथे फक्त हार्ट आणि किडनीला आहे, हाडांच्या विभागाला नाही!! हॉस्पिटल पॅनलवर असणं वेगळं आणि आपल्याला हवा तो विभाग पॅनलवर असणं वेगळं. तुमच्या बहिणीला सांगा आत्ताच आसपासच्या दोन-तीन ठिकाणी आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) टेबलावर जाऊन ऑर्थो, न्यूरो, मेडिसिन यातलं काय काय आहे ते विचारून लिहून ठेव. रात्री दोनला ॲम्ब्युलन्समध्ये बसून हे विचारायचं सुचत नाही.

निवृत्त_क्लेमवाला

मी आयुष्यभर इन्शुरन्समध्ये क्लेमच्या टेबलावर बसलो, त्यामुळे जरा लांबड लावतो.

अनुजाताई, सगळ्यांचा एक समज असतो की मेडिक्लेम असता तर मावशीचेही पैसे निघाले असते. नसते निघाले. पॉलिसीच्या कागदात न देण्याच्या गोष्टींची यादी असते, तिचे बरेचसे शब्द इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सगळ्या कंपन्यांना सारखे ठरवून दिलेत. त्यातलं एक्सक्लूजन ०५ काढून वाचा. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवून चालवणं अशा रोजच्या कामासाठी घरी माणूस ठेवला काय किंवा नर्सिंग होममध्ये ठेवलं काय, ती शिकलेली नर्स असो की साधी बाई, एक पैसा मिळणार नाही असं तिथे जवळजवळ याच शब्दांत लिहिलेलं आहे. लोक घरच्या उपचाराचं कलम दाखवत यायचे, पण ते कलम वेगळं, एरवी हॉस्पिटलात करावे लागले असते असे उपचार घरी केले तर, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि ठरावीक दिवसांपुरतं. म्हातारपणाच्या सांभाळाला ते लागू होत नाही. माझ्या टेबलावरून डायपरची बिलं किती वेळा परत गेली असतील याची गणती नाही आणि प्रत्येक वेळी समोरच्याला वाटायचं की मीच खडूस आहे.

जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये फक्त या सांभाळाच्या खर्चासाठी वेगळा सक्तीचा विमा आणला. आपल्याकडे तसलं काही नाही, त्यामुळे हा खर्च शेवटी घरातूनच जातो. म्हणून दोन खिसे वेगळे ठेवा. हॉस्पिटलचा खिसा भरायला योजना आहेत, कार्ड आहे, दुसऱ्यांचे पैसे आहेत. सांभाळाच्या खिशात फक्त तुमचेच पैसे असणार आहेत. जी एफडी तुम्ही ऑपरेशनला मोडली ती खरं तर दुसऱ्या खिशातली होती. झालं ते झालं, पण पुढच्या ॲडमिशनला २२ लाखांना हात लावायचा नाही हे तिघांनी आत्ताच ठरवून टाका.

नवीन पॉलिसीबद्दल. २०२४ च्या एप्रिलपासून ६५ ची वयाची अट गेली, म्हणजे अर्ज कुणीही करू शकतो, पण म्हणून कंपनीने घेतलंच पाहिजे असं नाही. पार्किन्सन्स आणि नुकताच मोडलेला खुबा, बहुतेक ठिकाणी नकारच येईल, दिलीच तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग आणि वर को-पे, म्हणजे बिलाचा ठरावीक टक्का आपणच भरायचा. आईच्या पॉलिसीमागे लागू नका असं माझं स्पष्ट मत. बाबांची तब्येत बरी असेल तर कोटेशन घेऊन बघा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाकडे जावं लागतं. तरीही आकडा बघून बाबाच नको म्हणतील.

त्यापेक्षा तुमच्या नोकरीत ग्रुप पॉलिसी आहे का आणि त्यात आईवडील घालता येतात का ते एचआरला विचारा. बऱ्याच ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. हे वर्षातून एकदाच, रिन्युअलच्या वेळी उघडतं, ती तारीख चुकली की पुढच्या वर्षापर्यंत बसा. रूम रेंटची मर्यादा मात्र नीट वाचा. मर्यादेपेक्षा भारी रूम घेतली तर नुसता रूमचा फरक नाही, डॉक्टरांची फी, ओटीचे चार्जेस असं बरंचसं बिल त्या प्रमाणात कापलं जातं.

अनुजा_के

काका, खूप खूप आभार, दोन खिसे हे दादाला जसंच्या तसं फॉरवर्ड केलं. एचआरला मेल टाकलाय. डायपरची बिलं मी खरंच एका फाईलला लावून ठेवत होते 🙈

बाबांना पूर्वी ईएसआय (नोकरीतला सरकारी कामगार विमा) होतं असं ते म्हणतात, त्याचं आता काही होतं का?

निवृत्त_क्लेमवाला

रिटायर होईपर्यंत ईएसआय चालू होतं का आणि त्याआधी किमान पाच वर्षं विमा होता का, हे दोन प्रश्न. दोन्हींचं उत्तर हो असेल तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार मिळतात. मधेच पगार मर्यादेच्या वर जाऊन कव्हर सुटलं असेल तर अवघड. जुना नंबर शोधा आणि शाखेत जाऊन विचारा, फोनवर धड उत्तर मिळत नाही.

जमाखर्च

दुसऱ्या खिशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

२२ लाख आत्ता बँकेच्या एफडीत असतील तर सीनियर सिटिझन स्कीमचा विचार करा, पोस्टात किंवा बँकेत. एकाच्या नावावर ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आलाय, सरकार तिमाहीला बदलू शकतं पण आपण ज्या दराने ठेवले तो पाच वर्षं पक्का. व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. २२ पैकी १८ लाख ठेवले असं धरू, तर तिमाहीला ३६,९०० म्हणजे महिन्याला १२ हजार तीनशे. उरलेले ४ लाख साध्या एफडीत, कधी लागतील सांगता येत नाही. सगळे अडकवू नका कारण मुदतीआधी मोडलं तर दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात.

१२ हजारात दोन मावश्या होत नाहीत हे मलाही कळतं. म्हणून फ्लॅट. रिव्हर्स मॉर्गेज नावाचा प्रकार आपल्याकडे २००८ पासून आहे, ६० च्या पुढच्या माणसाला स्वतः कमावलेल्या, स्वतः राहत्या घरावर. आईबाबा दोघं मिळून घेऊ शकतात. बँक दर महिन्याला पैसे देते, हप्ता भरायचा नसतो, दोघं असेपर्यंत घर सोडायचं नसतं, आणि येणाऱ्या पैशावर इन्कम टॅक्स नाही. दोघांच्या मागे मुलांनी कर्ज फेडून घर ठेवायचं नाहीतर बँक विकून आपले घेते आणि उरलेले वारसांना देते. घराच्या किमतीपेक्षा कर्ज फुगलं तरी वरचे पैसे मुलांच्या खिशातून मागत नाहीत.

वाचायला छान वाटतं, पण कमी लोक घेतात आणि त्याला कारणं आहेत. घराच्या किमतीच्या मानाने महिन्याची रक्कम छोटी येते, व्याजावर व्याज चढत जातं, सोसायटीचे कागद जरा इकडेतिकडे असले की बँक हात झटकते, आणि मॅनेजरलाच ही स्कीम माहीत नसते (खरंच, मला एकाने "ते बंद झालं सर" सांगून होम लोनचं पत्रक दिलं). अजून एक, कर्ज घेणाऱ्या दोघांपैकी घरात कुणीच सलग वर्षभर राहिलं नाही तर कर्ज फेडायची वेळ येते. म्हणजे उद्या दोघांनाही केअर सेंटरमध्ये हलवायचा विचार असेल तर हे तुमच्या कामाचं नाही. तशा वेळी फ्लॅट भाड्याने देऊन ते भाडं सेंटरला, हे सरळ पडतं. आत्ता घरीच ठेवायचंय तर विचारून बघा, आणि बहिणीला त्या घरात पुढे राहायचंय का हे आधी विचारा कारण शेवटी कर्ज फेडायची वेळ आली की घर रिकामं तीच करणार.

टॅक्सचं थोडक्यात, जुनी रेजिम घेत असाल तरच. ज्येष्ठ आईवडिलांचा मेडिक्लेम नसेल तर त्यांच्या औषधपाण्यावर तुम्ही केलेला ५० हजारांपर्यंतचा खर्च वजावटीत बसतो, ज्याला सगळे ऐंशी-डी म्हणतात तेच, फक्त रोखीने केलेला चालत नाही. पार्किन्सन्स ४० टक्के किंवा वर असल्याचं तज्ज्ञाचं सर्टिफिकेट असेल आणि आई तुमच्यावर अवलंबून असेल तर उपचारांसाठी एक लाखापर्यंतची वेगळी वजावट आहे.

गच्चीवरचा_वारा

मी वकील आहे, तुमचे कागद बघितलेले नाहीत, पण दादाच्या प्रस्तावाबद्दल एवढंच सांगते की बक्षीसपत्र करू नका, निदान आत्ता नाही. बक्षीसपत्र रजिस्टर झालं की घर गेलं. दादा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उद्या त्याची नोकरी जाऊ शकते, त्याचा घटस्फोट होऊ शकतो, तो बाबांच्या आधी जाऊ शकतो, मग घर वहिनीच्या नाहीतर तिच्या वकिलाच्या हातात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मिळवता येते, पण ती अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असली तर भांडायला बरं. "प्रेमापोटी देत आहे" एवढंच लिहिलेलं असलं की झगडत बसावं लागतं.

मृत्युपत्र करा, त्यात दादाने खर्च केला असेल तर त्याला जास्त वाटा द्या, हरकत नाही. मृत्युपत्र बाबा हवं तेव्हा बदलू शकतात, बक्षीसपत्र नाही. त्याच कायद्यात मुलांकडून पोटगी मागायची सोय आहे, प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज, कायद्यात वरची मर्यादा महिना १० हजार. तुमच्याकडे ती वेळ आलेली नाही.

आणि हे तातडीचं. आईच्या नावावर एकटीचं कुठलंही खातं, एफडी, लॉकर असेल तर ती सही करू शकतेय तोवर जॉइंट करून घ्या. पार्किन्सन्समध्ये सही आधी बारीक होत जाते आणि बँकेत जुळेनाशी होते, हे मी अशिलांच्या चेकवर बघितलंय, शेवटचं अक्षर मुंगीएवढं. पुढे डिमेन्शिया झाला तर मुखत्यारपत्र असूनही उपयोग नाही कारण ज्याने दिलं त्याचं भान गेलं की मुखत्यारपत्र संपतं. मग पालक म्हणून नेमणूक करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं.

टिपूस

बाकी सगळे पैशाचं बोलताहेत तर मी धाकट्या बहिणीचं बोलते कारण मी आमच्या घरातली धाकटी बहीण आहे.

तुमच्या हिशोबात तिचा आकडा कुठेय? दोन मावश्या, फिजिओ, डायपर सगळं आलं, आणि जिने काम सोडलं तिचं काहीच नाही. मावशी दांडी मारते त्या दिवशी मावशी कोण असते? ब्युरोला फोन लावून बदली बाई मागवणं, तिला सगळं पहिल्यापासून शिकवणं, गोळ्या वेळेवर देणं (पार्किन्सन्सच्या गोळीला अर्धा तास उशीर झाला की माणूस पलंगावरून उठत नाही, हे परदेशात बसून कळत नाही), हे सगळं कोण करतं? तिचा पीएफ थांबला, तिचा स्वतःचा मेडिक्लेम गेला, पाच वर्षांनी तिला कोण नोकरी देणार. मग वाटणीच्या वेळी "तू तर घरातच राहत होतीस, भाडं पण नव्हतं" हे ऐकायला मिळतं. मी ऐकलंय.

आईबाबांच्या पैशातून किंवा दादाच्या पैशातून तिला दर महिन्याला ठरलेली रक्कम द्या, बँकेतून, रोख नको. आणि तिचा स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स त्यातच धरा. दादाला घर नावावर न करता पैसे पाठवायचे असतील तर त्यातला पहिला भाग हा. तिघांचं एक खातं उघडा, सगळा खर्च त्यातूनच, आणि एक शीट तिघांनाही दिसेल अशी. आमच्याकडे शीट झाल्यावर भावाने पहिल्यांदा विचारलं की "अंडरपॅड एवढे लागतात?" मी म्हटलं, ये की रात्रीचा, मोज.

कोरा_चेक

टिपूस 👏👏👏

वॉर्ड_सहा

मी हॉस्पिटलात समाजसेवा विभागात काम करते. दोन गोष्टी राहिल्या. एक, महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवावे लागतात, वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीत. इथे उत्पन्न विचारतात, फ्लॅट आहे म्हणून लोक आपणहून मागे फिरतात, तसं करू नका. तुमच्या आईबाबांची पेन्शन आणि व्याज मिळून कदाचित बसत असेल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ॲडमिट केल्यावर धावपळ होते. बिलिंग काउंटरवर नाही, मेडिकल सोशल वर्करकडे जायचं, आणि पहिल्याच दिवशी. डिस्चार्जच्या दिवशी येणारे खूप असतात, तेव्हा आमचे हात बांधलेले असतात.

दुसरं, औषधं. जनऔषधी केंद्रात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, त्या जरूर बदला. पार्किन्सन्सची गोळी मात्र न्यूरोला विचारल्याशिवाय बदलू नका, काही पेशंटना कंपनी बदलली की फरक पडतो.

अनुजा_के

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर बसलो, थोडी भांडाभांडी झाली, टिपूस यांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला आणि दादा जरा वेळ गप्प बसला. बक्षीसपत्र बाजूला पडलं. बाबा पहिल्यांदा बोलले, म्हणाले घर माझं आहे, मी बघतो. म्हणजे काय ते अजून सांगितलेलं नाही 😄 पण मृत्युपत्राला तयार आहेत. दादा महिन्याला पैसे पाठवणार, त्यातून बहिणीचे वेगळे. सीनियर सिटिझन स्कीमसाठी सोमवारी पोस्टात जाणार. रिव्हर्स मॉर्गेज सध्या नको असं ठरलं कारण बहिणीला तिथेच राहायचंय.

एक अडचण आली. बाबांचं वय वंदना कार्ड झालं पण आईचं होईना, तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि वर्ष असं टाकलंय की ती ६८ ची दिसते. खरी ७३ आहे. आता?

मंदार_७४

हे फार घरांत आहे ताई, त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर टाकतील ती तारीख. ॲप आधारचंच वय धरतं, तिथे भांडून उपयोग नाही. आधी आधार दुरुस्त करा. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून जो कागद लावाल त्यावरची तारीख आधी तपासा. आईचा पासपोर्ट असेल तर उत्तम, नाहीतर मॅट्रिकची मार्कशीट, जन्मदाखला. लग्नानंतर नाव बदललंय तर जुन्या कागदावर माहेरचं नाव असणार, गॅझेट किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्या. आईला केंद्रावर न्यायला जमणार नाही तर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येतात का ते १९४७ ला फोन करून विचारा.